वाटेचा जामीन

देरा, दुबई
९ डिसेंबर १९६२

मोहिद्दीनभायना धाकट्या इद्रीसचा सलाम.

दोन वर्षं तीन महिने झाले, मी पत्र टाळतोय. कागद मिळत नव्हता म्हणेन तर खोटं. पत्ता विसरलो म्हणेन तर त्याहून खोटं. लिहायला बसलो की त्या दिवसाचा तुमचा चेहरा समोर यायचा आणि मी उठून चहा प्यायला जायचो. असे कित्येक चहा झाले. इथला चहा डब्याच्या दुधाचा असतो, घट्ट, गोड, पहिल्या घोटाला घशाला चिकटतो. पण ते असो.

पत्र पोस्टाने पाठवत नाही. आपल्या मोहल्ल्यातला लियाकत स्टीमरवर खलाशी आहे, त्याच्या हातात देतोय. पाकिटाच्या डिंकावर माझ्या अंगठ्याचा शाईचा ठसा आहे. तो मधोमध तुटलेला दिसला तर समजा कोणीतरी आधी वाचलंय. आमच्या ऑफिसात मुरुडचा यूनुस मुन्शी आहे, त्याला मराठी येतं. फार गोड माणूस. रोज विचारतो, "घरी लिहिलंस का रे?" एवढी चौकशी कोण कोणाची फुकट करतं?

मी गाडी चालवतो. हसू नका. ज्याला सायकल नीट येत नव्हती तो आज वाळूत जीप हाकतो. आमचा साहेब इंग्रज. पूर्वी पुण्याला फौजेत होता, म्हणून हिंदुस्तानी बोलतो, घोड्याशी बोलावं तसं. त्याचं ऑफिस नक्की काय करतं ते मला अजून समजलेलं नाही. नकाशे असतात, तारा येतात, पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की दार लावून घेतात. मला अरबी बोलता येतं म्हणून दुभाष्याचंही काम माझ्याच गळ्यात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

इथून आत, उंटाने दिवसभराच्या वाटेवर डोंगर आहेत. तिथे मुसल्लम नावाचा शेख चार वर्षं माणसं आणि बंदुका घेऊन बसलाय. त्यांच्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या खोऱ्यात, तेलवाल्यांना शिरू द्यायचं नाही आणि किनाऱ्यावरच्या कोणाचा हुकूम मानायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. साहेब त्यांना बंडखोर म्हणतो. मी ओळखतो त्यांना. पहिल्या हिवाळ्यात खजुराच्या बागांना पाणी सोडायच्या कामावर गेलो होतो, तिथून भटकत भटकत त्यांच्या वादीत पोचलो आणि तापाने आडवा झालो. मुसल्लमच्या आईने सव्वा महिना उंटिणीचं दूध पाजून मला उठवलं. तिच्या बकरीने माझा एकुलता एक शर्ट खाल्ला, तर म्हातारी मलाच ओरडली, बकरीचं पोट बिघडेल म्हणून.

तर गेल्या पंधरवड्यात साहेबाला घेऊन त्या डोंगराच्या पायथ्याशी गेलो. साहेबाने मोहोर मारलेला कागद पुढे केला. "शेख को बोलो, बात करने को बुलाता है. आते-जाते बाल को धक्का नहीं लगेगा."

मी सांगितलं. मुसल्लमने कागद उलटसुलट बघितला आणि कॉफीच्या भांड्याखाली ठेवला. भांड्याचं बूड काळं होतं, चटई खराब झाली असती.

"हा कागद माझ्याबरोबर चालत येणार आहे का?" तो म्हणाला. "वाटेचा सोबती कोण देताय?"

साहेब म्हणाला, दहा सोजीर देतो.

"ते दहा जण माझ्या घरी जेवलेत?" मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "हा जेवलाय. हा चालेल."

आणि मी म्हटलं, "चालेल शेख, इन्शाल्ला." तुम्हाला माझी सवय माहीत आहे. खैरुन्निसाभाभी म्हणायच्या, इद्रीसला विचारा विहिरीत उडी टाकतोस का, तो आधी हो म्हणेल आणि मग विचारेल, कुठल्या विहिरीत. मला वाटलं, सोबती म्हणजे गाडीत शेजारी बसायचं. पण माझ्या तोंडून हो निघताच सगळ्यांनी कॉफीचे पेले खाली ठेवले. मग अकरा माणसं एकामागून एक उठली आणि माझ्या नाकाला नाक लावून गेली. मला हसू आलं. दुसरं कोणीच हसलं नाही.

परत आल्यावर बाजारातल्या म्हाताऱ्या कॉफीवाल्याने अडवलं. "तू मुसल्लमचा सोबती? बापाला माहीत आहे?"

म्हटलं, बाप नाही, मोठा भाऊ आहे.

"मग भावाला कळव." आणि त्याने समजावलं. ज्याने वाटेचा सोबती व्हायला हो म्हटलं, त्याने पाहुण्याला स्वतःच्या जिवावर आणायचं आणि स्वतःच्या जिवावर परत पोचवायचं. मध्ये दगा झाला आणि तो आपल्याच बाजूच्या माणसांनी केला, तर सोबत्याने आपली बाजू सोडून पाहुण्याच्या बाजूने उभं राहायचं. तसा उभा राहिला नाही, तर त्याचं नाव बाजाराबाजारात ओरडून सांगतात. त्याचं, त्याच्या बापाचं, बाप नसेल तर भावाचं.

म्हणून कळवतोय, भाय. इथल्या बाजारात तुमचंही नाव आता माझ्या नावाला बांधलेलं आहे. तुम्हाला न विचारता. पुन्हा एकदा.

इद्रीस


देरा, दुबई
२८ डिसेंबर १९६२

मोहिद्दीनभाय,

लियाकत अजून परतलेला नाही, तरी लिहून ठेवतोय. आधी लिहीत नव्हतो, आता थांबता येत नाही.

बोलणी दुबईत होणार नाहीत. इथून किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की जबल अली नावाची वाळूची टेकडी लागते. टेकडी म्हणजे काय, आपल्याकडची पोरं धावत चढून उतरतील एवढी. आजूबाजूला काही नाही. कोळी नाही, झोपडं नाही, समुद्र आणि खेकडे. तिथे तेलवाल्यांचा एक रिकामा बंगला आहे, तो साहेबाने घेतलाय. म्हणतो, शांतता पाहिजे. मला हे काही बरं वाटत नाही. शांत जागा मशिदीतही असते, आणि तिथे चार लोक बघायला असतात.

काल बंगल्यावर सामान टाकायला गेलो, तर शौकत सुतार दारांवर काम करत होता. हा आपल्या राजापूरकडचा, तोंडात कायम दोन खिळे. मी म्हटलं, "काय रे शौकत, कडी उलट्या बाजूला बसवलीस?"

"उलटी नाय. सांगितली तशी."

"बाहेरून?"

"चारही दारांना बाहेरून. मी पण विचारलं. बोलले, समुद्राचा वारा फार."

"वाऱ्याला आतली कडी चालत नाय काय?"

त्याने खिळे तोंडातून काढले. "इद्रीस, तू ड्रायव्हर ना? मग गाडीचं बघ. मी सुतार. मी लाकडाचं बघतो." आणि मग हळूच, "खिडक्यांना गज पण सांगितलेत."

मी साहेबाला विचारलं. सरळ नाही, आपलं हवेवरून सुरू केलं. साहेब म्हणाला, "बहुत हवा, इद्रीस, बहुत हवा." आणि त्याच वाक्याला जोडून म्हणाला, हे काम झालं की तुझे कागद करून देतो, पक्का पासपोर्ट. भाय, मी गलबतातून रात्री उतरलो तो कमरेएवढ्या पाण्यात. माझ्याकडे इथला कसलाच कागद नाही. हे साहेबाला मी कधी सांगितलेलं नव्हतं.

आणखी एक माणूस आलाय. एका मोठ्या अरब देशाचा सरकारी दूत, चष्मेवाला. हाच तो देश, ज्याने आजवर डोंगरवाल्यांना बंदुका दिल्या आणि रेडिओवर त्यांच्या नावाने भाषणं केली. कॉफीवाल्याच्या दुकानात आम्ही ती ऐकायचो, अंगावर काटा यायचा. आता चष्मेवाला साहेबाबरोबर जेवतो. परवा मागच्या सीटवर दोघे इंग्रजीत बोलत होते, आणि ऐकून ऐकून तेवढं मला समजतं. ड्रायव्हरला कान असतात हे मोठ्या लोकांच्या लक्षात राहत नाही. चष्मेवाला म्हणाला, "आमच्या राजधानीचं ठरलंय. मुसल्लम बोलायला बसला नाही, तर यापुढे एक काडतूस मिळणार नाही." मग डोंगराकडचे दोन म्हातारे आले, त्यांना तेच सांगितलं, फक्त खांद्यावर हात टाकून. "आपण भाऊ आहोत, म्हणून सांगतो. शेखच्या घरातलं माणूस बोलायला आलं, की बाजार तुम्हाला उघडा."

तिकडून काडतूस बंद, इकडून तांदूळ बंद. दोन महिने झाले, बाजाराच्या तोंडाशी पहारेकरी डोंगरवाल्यांचे उंट परत फिरवतात. त्यांचा कोळसा विकायचा नाही, त्यांना तांदूळ, कॉफी, कापड द्यायचं नाही. एक डोंगरवाला मधाचे डबे घेऊन तीन दिवस उन्हात बसला होता. चौथ्या दिवशी मलाच एक डबा देऊन निघून गेला. चांगला मध आहे, बोरीच्या फुलांचा. तोंडात टाकवत नाही.

तुम्हाला आठवत असेल. आपल्या मोहल्ल्यात किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे आणि इंजिनच्या होड्यांवाले वेगळे झाले आणि जमातीने तुमच्या आठ घरांना वाळीत टाकलं, तेव्हा मरियमबी चाचीच्या मयतीला खांदा द्यायला तुम्ही चौघेच होता. पाचवा मी. दर पन्नास पावलांवर खांदा बदलायला माणूस नव्हता. त्यानंतरच तुम्ही जमातीच्या बैठकीला यायला तयार झालात. मी म्हटलं होतं, फक्त बोलायचंय.

आज एवढंच. यूनुस दोनदा दारावरून गेला.

इद्रीस


देरा, दुबई
११ जानेवारी १९६३

मोहिद्दीनभाय,

लियाकत परत आला. म्हणाला, तुम्ही पाकीट घेतलंत, फोडलं नाहीत, खिशात घातलंत. मी विचारलं, ठशाचं काय? म्हणाला, "भायने उजेडात धरून बघितला ठसा. मग पाकीट खिशात घातलं." एवढं ऐकूनही मला बरं वाटलं.

आता नीट वाचा. वाचत नसाल तर भाभींना वाचायला द्या. पण त्यांना दिलंत तर शेवटचा भाग तुम्ही आधी वाचा.

रमजान पंधरा दिवसांवर आलाय. साहेबाला सगळं त्याआधी उरकायचंय. सोमवारी यूनुसने माझ्याकडे एक लिफाफा दिला, बंगल्यावरच्या टेबलाच्या खणात ठेवायला. लिफाफा चिकटवलेला नव्हता. मी बंगल्यावर पोचलो, शौकत गजांना रंग देत होता, आणि मी कागद काढला. एक इंग्रजी, एक अरबी, दोन्ही टाईप केलेले.

इंग्रजी वाचायचं तर राहूच द्या. अरबी अक्षरं मला येतात, तुमच्याबरोबरच मक्तबात शिकलो. पण आपण कुराण वाचायचो ते अक्षर लावून, अर्थ आपल्याला कोणी विचारला नाही. कागदाकडे बघून मला काही कळेना. मग मी मक्तबात वाचायचो तसं मांडी घालून, डुलत, मोठ्याने वाचायला लागलो. शौकतने ब्रश थांबवला. "अरे, कोण मेलं? फातिहा कोणावर पढतोस?" आणि तेवढ्यात, भाय, माझाच आवाज माझ्या कानात गेला आणि कानांना कळायला लागलं. शब्द सगळे बाजारातले, रोजचे. मी एक ओळ वाचायचो, ऐकायचो, आणि पुन्हा तीच ओळ वाचायचो.

"मी, मुसल्लम बिन हमद, माझी चूक कबूल करतो. वादीची वाट खुली करतो. माझ्या माणसांनी बंदुका खाली ठेवेपर्यंत, त्यांच्या हमीसाठी मी स्वतः, राजीखुशीने, इथेच राहतो." पुढे तारखेला जागा. अंगठ्याला जागा. साक्षीदारांत चष्मेवाल्याची सही झालेलीसुद्धा होती.

शौकत म्हणाला, "सगळं लिहून झालंय, तर मग बसून बोलणार काय?"

मी कागद खणात ठेवला. तेव्हापासून एकच विचार. यूनुसने लिफाफा उघडा का दिला? मला कळावं म्हणून, की मी उघडून बघतो का ते कळावं म्हणून? काल मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "पोचला ना लिफाफा?" मी म्हटलं, पोचला. "वाऱ्याने उडाला वगैरे नाही ना?" म्हटलं, नाही. तो हसला. त्या हसण्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता तो शेवटचा भाग.

जमातीच्या बैठकीत म्होरक्या अहमदशेठने तयार माफीनामा तुमच्यापुढे ठेवला आणि सगळ्या मोहल्ल्यासमोर तुमची सही घेतली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बाहेर येऊन मी रडलो. म्हटलं, भाय, कसम खातो, मला माहीत नव्हतं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत आणि अजून बोललेले नाहीत.

मला माहीत होतं. आदल्या दिवशी अहमदशेठच्या पडवीत मी तो कागद बघितला होता. शाई वाळलेली होती. मी म्हटलं, भाय सही करायचा नाही. अहमदशेठ म्हणाले, "आणायचं काम तुझं, सहीचं आमचं." मी हो म्हटलं. आठ दिवसांनी त्यांच्या मेहुण्याच्या गलबतात मला फुकट जागा मिळाली. ती कशी मिळाली ते तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला कळलेलं नाही. आता वाटतं, तुम्ही विचारलं नाहीत ते कळलेलं होतं म्हणूनच.

या खेपेला पासपोर्ट देतायत.

मंगळवारी मला एकट्याला पुढे पाठवणार. डोंगराच्या तोंडाशी एक विहीर आहे, सोबत्याने तिथे हत्याराशिवाय थांबायचं, पाहुणा तिथे येतो. मुसल्लम आला की मी त्याला सगळं सांगणार आणि परत पाठवणार. मग साहेब माझं काय करायचं ते करो. बहुतेक पुढच्या स्टीमरवर चढवतील. कदाचित तेवढ्यावर भागणार नाही. हे तुम्हाला आधी सांगितलं, कारण मागच्या वेळी आधी सांगितलं नव्हतं.

इद्रीस


डोंगराच्या तोंडाशी, विहिरीवर
१५ जानेवारी १९६३, दुपार

भाय, पेन्सिलीने लिहितोय, पुसट दिसलं तर समजून घ्या. वही शौकतकडे जाईल अशी सोय करून ठेवली आहे.

सकाळपासून इथे बसलोय. विहिरीवर एक बोरीचं झाड आहे. बोरं गोड, पण बारीक. साठ-सत्तर खाल्ली असतील. झाडावर कोणीतरी उंटाचा दोर विसरून गेलंय. मी जीप सावलीत लावली आहे. साहेब म्हणाला होता, तू एकटाच जा, विश्वासाचं काम आहे. पण मागच्या टेकडीवर मघापासून काहीतरी चमकतंय. आधी वाटलं अभ्रक. अभ्रक जागा बदलत नाही. दुसरी गाडी आहे. आत यूनुस असेल की सोजीर, ते इथून दिसत नाही.

मुसल्लमला काय सांगायचं ते तोंडपाठ करून ठेवलंय. शेख, परत फिर. कागद आधीच लिहिलाय, कड्या बाहेरून आहेत, तुझ्या दोस्ताची सहीसुद्धा झालीय. तीन वाक्यं. टेकडीवरून बघणाऱ्याला वाटेल, सलाम-दुआ चाललीय.

एक विचार सकाळपासून डोक्यातून जात नाही. मुसल्लम परत गेला तर त्याचा जीव वाचेल, माझा शब्द वाचेल. पण बाजार काही उघडणार नाही. वादीतल्या पोरांना तांदूळ लागतोच, मी खरं बोललो तरी. तुम्ही त्या बैठकीला का आला होता, ते मला आज कळतंय. माझ्या शब्दावर तुमचा विश्वास होता म्हणून तुम्ही आला, असंच मी धरून चाललो होतो. तसा विश्वास तुमचा कधीच नसेल. चार माणसांनी मयत उचलल्यावर माणूस कुठल्याही बैठकीला जातो.

वाळूत उंट दिसतोय. एकच. मुसल्लमबरोबर निदान पाच तरी माणसं यायला हवीत. जवळ आल्यावर पुन्हा लिहितो.

भाय, मुसल्लम नाही. त्याची आई आली आहे.

एकटी. उंटावरून उतरायला मी हात दिला, तो तिने बाजूला केला. म्हटलं, "शेख कुठे?"

"घरी. मी त्याला बसवून आले. त्यांनी घरातलं माणूस मागितलं होतं ना? मी माणूस नाही?"

मी ती तीन वाक्यं तिला सांगितली. ती बोरं निवडत ऐकत होती, किडकी बाजूला टाकत. मग म्हणाली, "मला वाचता येत नाही, आणि माझ्या अंगठ्यावर डोंगरातला एकही पोरगा बंदूक खाली ठेवायचा नाही. मग मला कोंडून काय करतील? आणि माझ्या घरचं कोणी गेलं नाही असं तर त्यांना म्हणता येणार नाही. तांदूळ सोडावा लागेल. आज सोळा दिवस वादीत चूल खजुरावर चाललीय."

म्हटलं, "ते तांदूळ सोडतीलच असं नाही, आई. ही माणसं तशी नाहीत."

"ठाऊक आहे. म्हणून तर मुसल्लमला आणलं नाही." तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू वाळलास. सोबती तूच ना?"

हो म्हटलं. या वेळी आधी विचारलं, कुठवर. ती म्हणाली, आतपर्यंत, त्या कड्यांच्या आत.

ती गाडीत पुढे, माझ्या शेजारी बसली आहे. साहेबाच्या जागेवर. उंट झाडाला बांधला, पाणी ठेवलं. टेकडीवरची गाडी सुरू झाल्याचा आवाज येतोय, ते खाली उतरतायत. कोण आलंय, ते त्यांना अजून माहीत नाही.